औषध हाय, हात लावू नका

आमच्याकडं माणसं औषध घेत नाहीत. माणसं गोळी खातात, सुई टोचून घेतात, फारच झालं तर सलाईन लावून दोन दिवस पडून राहतात. औषध असतं ते पिकाचं. ‘आज औषध मारायचं हाय’ असं कुणी म्हणालं की पाठीवरचा पंप, तोंडाला बांधलेला गमजा आणि डाळिंबाच्या ओळी एवढंच डोळ्यांपुढं येतं. निमगाव केतकीत डाळिंब करणाऱ्या कुठल्याही घरात जाऊन बघा, औषधावर जेवढी चर्चा होते तेवढी जावयावरही होत नाही.

माझं माहेर शेळगावचं, म्हणजे हा शब्द मला काही नवा नव्हता. तरी लग्न होऊन निमगावला आले, बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या पीएचडीला नाव घातलं, आणि सासऱ्यांनी विचारलं की तिथं जाऊन नक्की करायचं काय असतं, तेव्हा मी चपला घालता घालता सांगून टाकलं, ‘औषध बनवायचं असतं, आबा.’ एसटी गाठायची होती. सविस्तर सांगत बसले असते तर कंडक्टर थांबला नसता.

संध्याकाळी मी परत येईपर्यंत आबांनी डेअरीवर दूध घालता घालता ही बातमी गावभर केली होती. सून औषध बनवते. त्याच आठवड्यात शेजारचे तात्या एक डाळिंब घेऊन दारात हजर. त्यावर तेल्या पडला होता. तेल्या म्हणजे डाळिंबाचा काळ. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकतं, आणि बाग हातची जाते. मी तात्यांना समजावलं की मी करते ते हिवतापाचं, माणसाला थंडी वाजून ताप येतो त्याचं. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग डाळिंबाचं कवा करणार?’ त्यांच्यामागून लोकरी मावा आलेला ऊस आला, पानं गुंडाळलेली मिरची आली, आणि एक बाई आपले गळणारे केस घेऊन आल्या.

शेवटी मी आबांना एकदा नीट बसवून सांगितलं. डास चावतो, त्याच्यातून जंतू रक्तात जातो. जुन्या गोळ्यांना तो जंतू आता दाद देईनासा झालाय, म्हणून त्याच घराण्यातली नवी नवी संयुगं करून बघावी लागतात. आबांना हे माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलांपेक्षा लवकर कळलं. एकच औषध सारखं मारलं की कीडही सरावते, तसंच ना, म्हणाले. अगदी तसंच. मला वाटलं, मिटला विषय. पण उठता उठता त्यांनी विचारलंच, जमलं तर तेल्याचंबी बघशील का. मी दमलेली होते. मी म्हटलं, ‘बघते.’ ‘बघते’ हा शब्द आपल्याकडं नाही म्हणण्यासाठीच वापरतात. आबांनी तो खरा धरला.

आता माझ्या कामाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. असलं संयुग बनवायचं म्हणजे दोन पदार्थ एका द्रावकात विरघळवायचे, तापवायचे, त्यांची जोडणी होऊ द्यायची, आणि मग त्या सगळ्या काल्यातून आपल्याला हवं ते वेगळं काढायचं. जुन्या रीतीत ते तापवणंच रात्रभर चालायचं. द्रावक असा की सडक्या मासळीचा वास यायचा. आणि वेगळं काढायचं म्हणजे काचेच्या उभ्या नळीत पांढरी पूड भरून वरून आणखी कसले कसले द्रावक ओतत दिवसभर उभं राहायचं. शेवटी चमचाभर माल हाती यायचा आणि बादलीभर घाण उरायची. ती घाण टाकायची कुठं हा प्रश्न वेगळाच.

रात्रभर तापवायचं तर रात्रभर थांबायला हवं. हॉस्टेलवरची मुलं थांबायची. मला निमगावची शेवटची गाडी असायची. मी सगळं जुळवून, देवाचं नाव घेऊन निघायचे. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर मधेच लाईट गेलेली, किंवा सगळं जळून काळं झालेलं. नवरा भवानीनगरच्या कारखान्यात कामाला. गाळपाच्या दिवसांत त्याच्यापेक्षा एसटीचा कंडक्टर मला जास्त भेटायचा, त्यामुळं ‘ने-आण करील कुणीतरी’ हाही मार्ग बंद. वासाचं तर विचारू नका. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या मला न्हाणीतून आल्याशिवाय चुलीच्या बाजूला फिरकू द्यायच्या नाहीत.

तेव्हा ‘जलद आणि स्वच्छ पद्धत’ हे माझ्यासाठी नुसतं प्रबंधाचं नाव नव्हतं. जलद म्हणजे सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीआधी संपणारी. स्वच्छ म्हणजे आत्यांच्या नाकातून पास होणारी.

माझे मार्गदर्शक सर बोलायला कमी आणि खोडायला जास्त. त्यांच्या लाल पेनाखाली बरेच महिने घालवल्यावर आम्ही तो वासाचा द्रावक सोडून दिला आणि साधं अल्कोहोल घेतलं. साखर कारखान्यांच्या मुलखात त्याला काय तोटा. त्यात आम्लाचे चार थेंब टाकले, तापवलं, आणि गार होताना पिवळंधमक संयुग आपणहून तळाला उतरलं. गाळायचं, गार अल्कोहोलनं धुवायचं, वाळवायचं. नळी नको, बादली नको. उरलेलं अल्कोहोलसुद्धा गोळा करून पुन्हा वापरता यायचं. मी बाकावर बसून नुसती त्या पिवळ्या रंगाकडं बघत राहिले. जेवणाचा डबा अजून उघडायचा होता आणि काम झालेलं होतं. इतकं साधं असेल तर एवढे दिवस आपण काय करत होतो, असा राग आला आणि हसूही आलं.

मासळीचा वास गेला, दारूचा आला. एसटीत माझ्या शेजारची जागा मोकळी असताना एक बाई भवानीनगरपासून निमगावपर्यंत उभ्या राहिल्या. कंडक्टरनं ‘ताई, बरं हाय न्हवं?’ एवढंच विचारलं आणि तिकीट देताना हात लांब धरला. घरी आत्यांनी वास घेतला आणि डोक्याला हात लावला. मासळी परवडली, म्हणाल्या, लोकांत सांगायचं काय. आबांनी मात्र माझी बाजू घेतली. ‘आपल्याच उसाचा वास हाय त्यो,’ ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला न्हाणीची सक्ती उरली नाही.

हे सगळं चाललं होतं हसतखेळत, पण माझी मुदत संपत आली होती. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ शेवटची होती. मी केलेलं संयुग खरंच तेच आहे आणि शुद्ध आहे, हे दाखवणारा आलेख पुण्याच्या एका मोठ्या यंत्रावर काढावा लागतो. कुठला अणू कुठं बसलाय ते तो आलेख सांगतो. तो प्रबंधाला जोडला नाही तर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांच्या एसटीच्या खेपा पाण्यात. त्या यंत्रावर नंबर लागता लागत नाही. माझा लागला तो एका सोमवारी सकाळी. तो हुकला तर पुढचा नंबर मुदत टळल्यावरच मिळणार होता.

शनिवार-रविवार कॉलेज बंद, आणि सोमवारी कॉलेजचं कुलूप उघडायच्या आधीच मला पुण्याची गाडी धरायची होती. म्हणून शुक्रवारी मी संयुगाची बाटली घरी आणली. सगळंच आणलं, कारण त्याच फेरीत ते जंतूवर तपासणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेतही द्यायचं होतं. थोडं मागं ठेवायला हवं होतं, हे आता मला कुणीही सांगतं. ज्यांना रसायनशास्त्रातला र कळत नाही तेही सांगतात.

बाटली कपाटावर ठेवली. आत्या शेजारी उभ्या होत्या, त्यांना बजावलं, ‘आत्या, औषध हाय, हात लावू नका.’

आमच्या घरात ह्या वाक्याचा अर्थ एकच. ही वस्तू घरात राहता कामा नये. आत्या शिस्तीच्या. माझी पाठ वळल्याबरोबर त्यांनी ती बाटली पदरात धरली, म्हणजे हात काही लावला नाही, आणि मळ्यातल्या मोटरीच्या खोलीत नेऊन ठेवली. पिकाची सगळी औषधं तिथंच असतात, वरच्या फळीवर, कुलपात.

शनिवारी सकाळी आबांनी ते कुलूप उघडलं. फळीवर नवी बाटली, आत पिवळी पूड. आबांना काय वाटलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, सुनेनं तेल्याचं औषध केलं. बोलली न्हाय, पर आणून ठेवलं. आणि एवढंसंच हाय म्हंजे जालीम असणार.

दुपारी मी बाटलीवर नावाची पट्टी लावायला गेले तर कपाट रिकामं. आत्या म्हणाल्या, मळ्यात ठेवलीय की, औषध म्हणाली न्हवं का तू. मी तशीच पळाले. बांधावरून आबा येत होते, पाठीवर पंप, चेहऱ्यावर सण. ‘मारलं गं,’ लांबूनच म्हणाले. ‘कडंच्या झाडांस्नी मारलं. निम्मं तळाला बसत हुतं, पर ढवळून ढवळून मारलं.’

मी पहिल्यांदा ओरडले ती बाटलीसाठी नव्हे. आबांच्या तोंडाला गमजा नव्हता. का, तर औषधाला वासच न्हवता, मग कशाला बांधायचं. मी त्यांना तिथल्या तिथं मोटरीच्या पाण्याखाली बसवलं, साबण लावून आंघोळ करायला लावली, कपडे बदलायला लावले आणि मग कितीतरी वेळ त्यांच्या समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना काही झालं नाही. उलट भूक लागली, म्हणाले. त्या झाडांची फळं मी तोडून खड्ड्यात पुरायला लावली. त्या बाबतीत मी कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकलं नाही.

मग मी बाटली मागितली. बाटलीच्या काचेला चिकटलेलं चिमूटभर जरी मिळालं असतं तरी यंत्राचं काम भागलं असतं. पण आबा वर्षानुवर्षं कृषी खात्याच्या मेळाव्यांना जाणारे. औषधाची रिकामी बाटली तीनदा विसळायची, ते पाणी पंपात ओतायचं आणि बाटली पुरायची, हे त्यांना तोंडपाठ. मी उकरून काढली. लॅबमध्ये मी स्वतः धुतलेली एकही बाटली इतकी लखलखीत निघालेली मला आठवत नाही. रडावं का हसावं कळेना, म्हणून मी चिडले. ते माझ्या परीक्षेचं होतं, आता सोमवारी न्यायला काही नाही, हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं.

आबांचा चेहरा खाडकन उतरला. ‘म्हंजे तुझं वरीस गेलं?’

‘सगळी वर्षं गेली, आबा.’

आबा जाऊन बांधावर बसून राहिले.

सरांना फोन केला. डाळिंब, पंप, आबा, सगळं सांगितलं. मग सरांनी विचारलं, ‘तुमच्या प्रबंधाचं नाव काय आहे?’ हे काय विचारणं झालं? पण सांगितलं: हिवतापविरोधी संयुगांच्या संश्लेषणाची जलद आणि स्वच्छ पद्धत. ‘जलद असं तुम्हीच लिहिलंय ना,’ सर म्हणाले. ‘मग उद्या या. मी किल्ली घेऊन येतो.’

रविवारी एसटीचा भरवसा नसतो. आबांनी पहाटेच मोटारसायकल पुसून उभी केली होती. मी नको म्हणायच्या आत म्हणाले, ‘घालवलं मी, मीच न्हेणार.’ भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. आबांनी गाडी शेतातल्या गाडीवाटेनं अशी काढली की माझं डोकं दोनदा त्यांच्या पाठीवर आपटलं.

लॅब उघडली. सरांनी आबांना बाहेर बसू दिलं नाही, दाराशी स्टूल दिलं. मी माप काढलं, अल्कोहोलात सोडलं, आम्लाचे थेंब टाकले आणि तापवायला लावलं. मला भीती होती ती वेगळीच. आधी जमलं ते पद्धतीनं जमलं की नशिबानं, हे काही कागदावर ठरत नाही. आज परत झालं तरच ती पद्धत, नाहीतर नुसता योग. सर, जे आमच्याशी महिन्याकाठी चार वाक्यं बोलतात, ते आबांशी डाळिंबाच्या छाटणीवर बोलत होते. आबा हां-हूं करत होते, पण नजर माझ्या हाताकडं. मधे एकदाच त्यांनी विचारलं, हे एवढंच असतं का? मी म्हटलं, एवढंच व्हावं म्हणून तर एवढी वर्षं लागली.

तापवणं झालं. उतरवलं, गार करायला ठेवलं. पिवळा स्वच्छ द्राव. गार झालं, तरी काही उतरेना. बर्फात ठेवलं, तरी तसंच, आरपार दिसणारं. सर उठून खिडकीशी गेले. आबा देव पाण्यात घातल्यासारखे हात जोडून स्टुलावर बसलेले. मी काचेची कांडी घेतली आणि चंबूच्या आतल्या अंगाला हळूहळू खरवडायला लागले. अडून बसलेल्या संयुगाला असंच उठवावं लागतं; कधी ऐकतं, कधी ऐकत नाही. कर्रर्र असा आवाज सगळ्या खोलीत भरला. मग कांडीच्या टोकाशी धुरासारखी एक पिवळी रेघ निघाली, ती पसरली, आणि बघता बघता सगळा चंबू गच्च झाला.

‘आलं की,’ आबा उभं राहून म्हणाले. एवढ्या हळू आवाजात की जणू मोठ्यानं बोललं तर ते परत जाईल.

गाळलं, धुतलं, वाळवलं. आम्ही निघालो तेव्हा ऊन अजून लॅबच्या पायरीवर होतं. ह्या वेळी अर्धं सरांच्या कपाटात राहिलं आणि अर्धं माझ्या पर्समध्ये. घरी आत्यांनी पर्सकडं बोट दाखवून विचारलं, ह्यात काय हाय? मी म्हटलं, कॉलेजचं सामान. कॉलेजच्या सामानाला आमच्या घरात कुणी पदरही लावत नाही.

सोमवारी पुण्याला जाऊन दोन्हीकडं देऊन आले. आलेख यायला काही दिवस जायचे होते. त्या दिवसांत आबा डेअरीवर दूध घालायलाही जाईनात. तिथं सुनेच्या औषधाची चौकशी होईल ह्याची त्यांना धास्ती. मी दोनदा सांगितलं की आता काळजी नाही, पण मलाच ती होती, तर त्यांना कशी पटणार.

आलेख मोबाईलवर आला तेव्हा मी ओट्याशी लसूण सोलत होते. लसणाच्याच बोटांनी उघडला. जिथं शिखर हवं तिथं शिखर, आणि मधली सगळी रेघ सपाट, स्वच्छ. सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘चांगलं आहे.’ सरांच्या भाषेत हा जाहीर सत्कार. मी तशीच अंगणात गेले. आबा दोरी वळत बसले होते.

‘वाचलं तुझं वरीस?’ माझा चेहरा बघूनच त्यांनी विचारलं.

‘वाचलं, आबा. हवं तसंच आलं.’

त्यांनी दोरी खाली ठेवली, घराकडं तोंड केलं आणि आत्यांना हाक मारली, ‘अगं, माझी चंची दे बघू.’

मला काही कळेना. चंची म्हणजे त्यांची तंबाखूची पिशवी. ती तर कायम त्यांच्या कमरेलाच. आत्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, ‘तुला ठावं न्हाय व्हय? त्या रविवारपास्नं त्वांडात घातली न्हाय त्यांनी. तुझं नीट हुईस्तवर न्हाय म्हनं.’

मी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तंबाखूशी भांडत होते. नवरा भांडला होता, इंदापूरच्या डॉक्टरांनी भीती घातली होती. कुणाच्या बापाच्यानं ती सुटली नव्हती.

‘तुझं शिक्षान माझ्या हातनं बुडालं असतं,’ आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘तर ह्या घरात मला भाकरी गोड लागली नसती.’

मला रडू कोसळलं. इतकी वर्षं मला वाटायचं की पीएचडी माझी, एसटी माझी, दमणं माझं, आणि घरच्यांनी फक्त चालवून घेतलंय. तसं नव्हतं. त्यांनाही माझ्याइतकाच घोर होता. हे मला तोवर कळलं नव्हतं, आणि कळल्याचा आनंद मला आलेखापेक्षा जास्त झाला.

आत्यांनी आतून चंची आणली. आबांनी हात पुढं केला. पण आत्यांनी ती दिली नाही. ‘डिग्री कुठं हातात आलीया अजून? आर्धंच झालंय,’ असं म्हणून त्यांनी ती चंची आपल्या कमरेला खोचली आणि आत गेल्या. आबांनी मदतीच्या आशेनं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलवरच्या आलेखात फार गुंतले होते.

विद्यापीठाला माझा प्रबंध वाचायला, परीक्षक नेमायला आणि तोंडी परीक्षा घ्यायला वर्षाच्या वर लागलं. बाकीची मुलं खेटे घालून वैतागली. मी एकदाही तक्रार केली नाही. डिग्री हातात आली त्या संध्याकाळी आत्यांनी शब्द पाळला आणि चंची आबांच्या पुढ्यात आणून ठेवली. आबांनी ती उघडली, जरा वेळ आत बघितलं आणि दोरी ओढून परत बंद केली.

‘ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले. ‘आता नाय लागत.’